आदल्या दिवशीचा जाणता

रंभाजी औताडे यांना गट ऑफिसात सगळे भाऊसाहेब म्हणत. ऑफिस म्हणजे कालव्याच्या कडेला पत्र्याच्या तीन खोल्या, कोपरगावपासून सात मैलांवर. साखर कारखाना त्याच्याही पलीकडे होता, पण आजूबाजूच्या बावीस गावांतला ऊस कधी तुटायचा ते या तीन खोल्यांत ठरायचं. शेतकऱ्यानं उसाची लागण केली की तो येऊन नोंद करून जायचा, नोंदीला नंबर पडायचा, आणि हंगाम लागला की त्या नंबरानं तोडणीची टोळी त्याच्या शेतात उतरायची. सतरा वर्षं हे नंबराचं रजिस्टर भाऊसाहेबांच्या हाताखाली होतं.

माणूस बुटका, आवाजानं बारीक, चारचौघांत फार न बोलणारा. पण नंबराच्या बाबतीत हलायचा नाही. कोणी बागायतदार गाडी घेऊन आला, कोणी हात जोडून आला, कोणी दुधाची बरणी घेऊन घरी गेला, सगळ्यांना उत्तर एकच, "नंबर आला की टोळी येती." सख्ख्या मेव्हण्याचा ऊस नंबर येईपर्यंत फेब्रुवारीच्या उन्हात उभा राहिला. मेव्हणा त्यानंतर दोन वर्षं दिवाळीला आला नाही. छबूबाईनं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, ते कधी विसरू दिलं नाही. भाऊसाहेबांना मात्र मनातून त्या गोष्टीचा अभिमान होता. एकदा नंबर मोडला की मग ज्याचा आवाज मोठा त्याचा ऊस आधी, असं ते म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

१९७३ च्या डिसेंबरात, हंगाम ऐन भरात असताना, नगरहून एक वकील त्यांना शोधत आले. नाव उत्तमराव. एसटीनं आले, धोतरावर कोट, हातात फुगलेली कातडी बॅग. त्यांनी पाणी पिऊन झाल्यावर विचारलं, "मच्छिंद्र थोरात तुमच्याकडेच होते ना कामाला?"

"व्हय. चार वर्षं. नक्कल करायला हुता. अक्षर मोत्यावानी. सत्तर साली मुंबईला गेला." भाऊसाहेबांचा चेहरा खुलला. "गणकयंत्राच्या कंपनीत हाय आता. काय झालं, बरा हाय ना?"

"बरे आहेत. त्यांनी आणि त्यांच्या कंपनीनं पेटंटचा अर्ज केलाय. सरकारनं पेटंट दिलं तर काही वर्षं ती युक्ती दुसऱ्या कोणाला परवानगीशिवाय वापरता येत नाही. माझे अशील म्हणजे दुसरी एक कंपनी, तीही यंत्रंच विकते. त्यांची या अर्जाला हरकत आहे."

"युक्ती कसली पन?"

"ऊसतोडीची."

भाऊसाहेब हसले. मुंबईत ऊस कुठला, असं त्यांच्या मनात आलं असावं. उत्तमरावांनी बॅगेतून कागद काढला आणि मराठीत समजावून सांगितलं. यंत्राला हुकमांची एक यादी द्यायची, तिला प्रोग्राम म्हणतात. प्रत्येक शेताचं एक कार्ड, त्याला भोकं पाडलेली. जमीन काळी की मुरमाड, पाणी कालव्याचं की विहिरीचं, ऊस नव्या लागणीचा की तोडलेल्या बुडख्यातून पुन्हा फुटलेला खोडवा, तुरा आला की नाही, हे सगळं त्या भोकांवरून यंत्राला कळतं. त्यावरून यंत्र एक आकडा काढतं. हा ऊस आणखी आठ दिवस उभा राहिला तर वजन आणि साखर किती घटेल, त्याचा. ज्याची घट जास्त त्याला तोड आधी. रोज संध्याकाळी काट्यावरची वजनं आली की सगळी यादी पुन्हा नव्यानं लागते.

भाऊसाहेबांनी विचारलं, "पुढं?"

"पुढं काही नाही. एवढंच."

"एवढंच?"

उत्तमराव हसले. "हेच आमचं म्हणणं आहे, भाऊसाहेब. यंत्र जुनं, कार्डं जुनी, सगळ्यांना ठाऊक. नवीन म्हणायचं तर उसाचा हा क्रम. आणि तो तर उसात काम करणाऱ्या कोणालाही सुचला असता. कायदा नेमकं हेच विचारतो. त्या धंद्यातला जाणता माणूस घ्यायचा. फार हुशार नको, अगदीच मठ्ठ नको, रोजचं काम नीट करणारा. त्याला जे आधीपासून माहीत होतं त्यावरून ही गोष्ट सहज सुचली असती का? सुचली असती तर ती उघड गोष्ट. उघड गोष्टीला पेटंट नाही."

"आनि ह्यो जाणता मानूस कोन?"

"तुम्ही," उत्तमराव म्हणाले.

असं आजवर कोणी त्यांना म्हटलं नव्हतं. कारखान्याचे साहेब लोक त्यांना औताडे म्हणत, शेतकरी भाऊसाहेब म्हणत, पण कायद्याच्या पुस्तकात आपल्यासाठी जागा ठेवलेली आहे हे त्यांना पहिल्यांदाच कळलं. "आता बघा," ते म्हणाले, "खोडवा मुरमाडावर टिकत न्हाई हे आमाला पहिल्यापासून ठाऊक. आडसाली लागण, दीड वर्साचा ऊस, काळ्या रानात महिनाभर उभी राहिली तरी काय होत न्हाई, ते बी ठाऊक. मंग राहिलं काय?"

"काहीच नाही," उत्तमरावांनी मान डोलावली आणि लिहून घेतलं.

त्या भरात भाऊसाहेबांनी एक गोष्ट केली. टेबलाचा खण उघडून त्यांनी मच्छिंद्राचं पत्र काढलं. गेल्या वर्षी त्यानं काही शोध लावल्याचं, कसला ते नाही, कानावर आलं होतं. भाऊसाहेबांनी तेव्हा 'मोठं काम केलंस' असं कार्ड टाकलं होतं, त्याचं हे उत्तर. पोरानं आपली आठवण ठेवली एवढंच त्यांना दाखवायचं होतं. उत्तमरावांनी चष्मा वर सरकवून वाचलं. 'भाऊसाहेब, यात माझं विशेष असं काही नाही. सगळं तुमच्याच हाताखाली शिकलो. हे कोणालाही सुचलं असतं, मी निमित्त झालो एवढंच.'

त्यांनी ते पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाले, "हे पत्र माझ्याकडे राहू द्या. तुमच्या प्रतिज्ञापत्राला जोडतो."

"न्या की," भाऊसाहेब म्हणाले. पुढच्या गुरुवारी टाईप केलेलं प्रतिज्ञापत्र घेऊन वकील परत येणार आणि भाऊसाहेब त्यावर सही करणार असं ठरलं.

घरी गेल्यावर त्यांनी छबूबाईला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. कायद्यात जाणता माणूस असतो आणि तो म्हणजे मी, हे त्यांनी जरा सावकाश सांगितलं.

"आनि मच्छिंद्रानं काय केलं म्हनता?"

"ज्याचं जास्त नुकसान त्याचा ऊस आधी तोडायचा. आपल्याला ठाऊकच हुतं ते."

"ठाऊक हुतं तर केलं का न्हाई?"

"केलं न्हाई म्हंजे... नंबर हुता."

"माज्या भावाचा खोडवा वाळला तवा ठाऊक हुतं का?" छबूबाईनं भाकरी तव्यावर टाकली. "तवा तर म्हनला, काय इलाजच न्हाई."

भाऊसाहेब जेवले, पण मेव्हण्याचा विषय असूनही त्यांना त्या दिवशी राग आला नाही. प्रश्नच त्यांच्या मनाला लागला. ठाऊक होतं, तर का नाही केलं?

दुसऱ्या दिवशी दुपारी गोरक्ष, म्हणजे मच्छिंद्राच्या जागी आलेला कारकून, आणि सहादेव मुकादम दोघे ऑफिसात चहा पीत होते. सहादेवानं तीस वर्षं टोळ्या चालवल्या होत्या, उसाला नुसता हात लावून तो पक्व झाला की नाही ते सांगायचा. भाऊसाहेबांनी त्यांना मच्छिंद्राचं काही सांगितलं नाही. नुसता कागद पुढे ओढला आणि म्हणाले, "समजा टोळी एक आनि रानं चार. पयलं आडसाली, काळ्या रानात, कालव्याचं पानी, नोंद सगळ्यांत आधीची. दुसरं सुरूचं, बारा महिन्याचं. तिसरं बी सुरूचंच. चौथा खोडवा, मुरमाडावर, हिरीला पानी न्हाई, नंबर महिन्यानं. टोळी कुठं घालायची?"

"हे काय इच्यारनं झालं?" सहादेव म्हणाला. "पयल्या रानात."

"आनि खोडवा?"

"खोडव्याचा नंबर आल्यावर खोडवा."

"तवर वाळला तर?"

"वाळला तर वाळला. आपन काय करनार?" सहादेवानं बशी खाली ठेवली. "भाऊसाहेब, तुमीच ह्ये इच्यारायला लागला तर मंग आमच्या टोळीला पाटलाच्या रानातून निघताच यायचं न्हाई."

गोरक्ष शिकलेला होता, त्यानं जरा विचार केला. "दोन टोळ्या मागवता येतील. नाहीतर नोंदीच्या वेळीच खोडवा कमी घ्यायचा."

"टोळी एकच हाय. नोंद झालेली हाय."

"मग नंबरानंच," गोरक्ष म्हणाला. "दुसरं काय?"

मग भाऊसाहेबांनी सांगितलं. थांबल्यावर ज्याचं जास्त घटेल तो आधी, आणि हा हिशेब रोज नव्यानं. मग गोरक्ष म्हणाला, "त्यात काय, हे तर कोणालाही कळतं."

"लहान पोर बी सांगंल," सहादेव म्हणाला.

"आत्ता तू काय सांगितलंस?" भाऊसाहेबांनी सहादेवाला विचारलं.

"आत्ता तुमी इच्यारलं कुठं नीट?"

भाऊसाहेबांना हसू आलं. पण हसता हसता ते थांबले, कारण काल उत्तमरावांसमोर आपण अगदी याच आवाजात बोललो होतो. तरी मनानं एक फट शोधलीच. हे दोघे चुकले म्हणून मी चुकलो असतो असं थोडंच आहे? सहादेव टोळीचा माणूस, गोरक्ष नवा. मी सतरा वर्षं रजिस्टर सांभाळलंय. मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं.

त्याची खात्री करून घ्यायला ते संध्याकाळी जुन्या फायलींच्या कपाटाकडे गेले. त्यांना आठवत होतं की असा प्रसंग एकदा खरंच आला होता. १९६९ च्या मार्चात बन्सी साळवे यांचा एक एकर खोडवा नंबराची वाट बघत उभ्या उभ्या वाळला. त्यांची विहीर आटली होती, जमीन मुरमाड. बन्सीरावांनी कारखान्याकडे तक्रार केली आणि वरून गट ऑफिसाला खुलासा मागवला गेला. तो खुलासा भाऊसाहेबांनी लिहिला होता. आपण त्यात काय लिहिलं ते बघावं, कदाचित त्यातच ही कल्पना असेल, निदान तिचा माग तरी, अशी त्यांना आशा होती.

फाईल सापडली. कागद पिवळा पडला होता. खुलासा मच्छिंद्राच्या मोत्यासारख्या अक्षरात होता, कारण नक्कल त्यानं केली होती, आणि खाली सही भाऊसाहेबांची. 'सदर शेतकऱ्याची तोड नोंदीच्या क्रमानुसार देण्यात आली. आपण नमूद केलेल्या सर्व बाबींचा विचार करता दुसरा कोणताही मार्ग नव्हता.'

दुसरा कोणताही मार्ग नव्हता.

मग त्यांना सगळंच आठवलं, आणि ते न आठवतं तर बरं झालं असतं असंही वाटलं. मच्छिंद्र नक्कल करता करता त्या वाक्यापाशी थांबला होता. टाक दौतीत बुडवून तसाच धरून तो म्हणाला होता, "भाऊसाहेब, दुसरा मार्ग खरंच नव्हता का?" आणि त्यांनी रजिस्टरातून मानही वर न करता म्हटलं होतं, "असता तर मला दिसला नसता का?" पोरानं गुपचूप पुढचं लिहिलं.

म्हणजे प्रश्न त्यांच्यापुढे आला होता. नुसता आला नव्हता, कारखान्याच्या कागदावर, तारखेनिशी, एका माणसाचा एकरभर ऊस घेऊन आला होता. मुरमाड, खोडवा, विहीर, सगळं त्यांना माहीत होतं. फक्त त्या माहितीची आणि नंबराची गाठ त्यांच्या मनात कधी पडली नाही. पडणारच नव्हती. नंबर मोडणं म्हणजे वशिला, ही त्यांच्या मनात एवढी घट्ट भिंत होती की त्या बाजूला वाट असेल हे बघायलासुद्धा ते कधी गेले नाहीत. मच्छिंद्रानं नंबर मोडला नव्हता, त्यानं दुसरा नंबर लावला होता, आणि तोही असा की त्यात कोणाचा आवाज चालत नाही. हे समजायला भाऊसाहेबांना तो कागद हातात धरून बराच वेळ उभं राहावं लागलं.

गुरुवारी उत्तमराव आले. टाईप केलेले चार कागद त्यांनी टेबलावर ठेवले आणि पेनचं टोपण काढून पेन पुढे केलं. भाऊसाहेबांनी पेन घेतलं नाही.

"वकीलसाहेब, त्या दिवशी मी खोटं बोललो. मुद्दाम न्हाई. पन मला ते सुचलं नसतं."

"असं कसं? तुम्हीच म्हणालात, राहिलं काय म्हणून."

"उत्तर ऐकल्यावर म्हनालो." त्यांनी १९६९ चा खुलासा पुढे सरकवला. उत्तमरावांनी वाचला. त्यांच्या कपाळाला आठी पडली, पण ते चिडले नाहीत. जुना मुरलेला वकील, त्यांनी दुसऱ्या बाजूनं प्रयत्न केला.

"हे बघा, तुम्हाला सुचलं नाही म्हणून कोणालाच सुचलं नसतं असं होत नाही. आता या घडीला बघा, सोपं आहे की नाही?"

"आता सोपं हाय. पन कायदा आत्ताचं इच्यारतो का?"

उत्तमरावांनी पेनला टोपण लावलं.

"त्या जाणत्या मानसाला कवा इच्यारायचं? युक्ती कळल्यावर का आधी?"

"आधी," उत्तमराव सावकाश म्हणाले. "अर्जाच्या तारखेच्या आधी. म्हणजे आदल्या दिवशी काय माहीत होतं तेवढंच धरायचं."

"मंग आदल्या दिवशीचा मी ह्यो हाय," भाऊसाहेबांनी खुलाशाच्या कागदावर बोट ठेवलं. "अर्ज बहात्तरचा. त्याच्या तीन वर्षं आधी मला सगळं सांगून इच्यारलं हुतं. मी लिहून दिलं, मार्ग न्हाई."

उत्तमरावांनी कागद गोळा करून बॅगेत घातले. "हे आमच्या उपयोगाचं नाही," ते म्हणाले. त्यात राग नव्हता. "पण एक सांगतो. मच्छिंद्राचं पत्र मी जोडणार आहे. ते स्वतःच म्हणतात कोणालाही सुचलं असतं. ते मी लपवू शकत नाही, माझ्या अशिलाशी ती बेइमानी होईल."

"अहो, ते तसं लिहायचं असतं." भाऊसाहेब पहिल्यांदाच अस्वस्थ झाले. "मोठ्या मानसानं कौतुक केलं की मानूस म्हनतो, माजं काय, तुमच्यामुळं. लगीन चांगलं झालं म्हनलं तर आपन म्हनतो, काय साधंच. त्याचा असा अर्थ धरत्यात का?"

"मी समजतो. पण पेटंट कचेरीतल्या साहेबांना ते कोण सांगणार?" उत्तमराव उठले. दारात थांबून म्हणाले, "ज्यांना ते पत्र आलं त्यांनी सांगावं. लिहून द्या आणि मच्छिंद्राच्या वकिलाकडे पाठवा. हे मी तुम्हाला सांगितलं असं मात्र कुठं म्हणू नका."

त्या रविवारी भाऊसाहेब घरी ओसरीवर बसून लिहीत होते. आयुष्यभर नमुन्यातले खुलासे लिहिलेला माणूस, पण यात नमुना नव्हता. पत्राबद्दलचा मजकूर लवकर झाला. आमच्याकडे कौतुकाला असंच उत्तर देतात, तसं न देणाऱ्याला लोक उद्धट म्हणतात, आणि तो मुलगा उद्धट नव्हता. अडलं ते स्वतःबद्दलच्या वाक्यापाशी. पहिल्यांदा त्यांनी लिहिलं, 'त्या काळच्या परिस्थितीत असा विचार कोणी करत नसे.' हे खोटं नव्हतं, पण 'कोणी' या शब्दाच्या आड आपण उभे आहोत हे त्यांना दिसत होतं. ते खोडलं. 'असा विचार होऊ शकला नाही' लिहिलं. तेही खोडलं.

छबूबाई तांदूळ निवडत शेजारी बसली होती. "काय एवढं अडलंय?"

त्यांनी सांगितलं.

तिनं एक खडा वेचून बाजूला टाकला. "गावात कळंल," ती म्हणाली. "बन्सी साळवे बी ऐकंल. म्हनंल, मार्ग हुता आनि ह्या मानसाला दिसला न्हाई."

"म्हनंल."

"आनि माजा भाऊ बी म्हनंल."

"तो तर आधीपासूनच म्हनतोय," भाऊसाहेब म्हणाले. छबूबाईला हसू आलं, आणि तिनं सूप खाली ठेवलं. मग त्यांनी लिहिलं. 'मी सतरा वर्षे हे काम करीत आहे. हाच प्रश्न १९६९ साली माझ्यापुढे आला होता. मला हा मार्ग सुचला नाही. सोबतच्या कागदावर मी स्वतः लिहून दिले आहे की मार्ग नाही. माझ्या हाताखालच्या मुलाला तेव्हा शंका आली होती, मी ती ऐकून घेतली नाही.'

कोपरगावच्या तहसील कचेरीत शपथेवर सही करताना तिथल्या साहेबांनी मजकूर वाचून त्यांच्याकडे पाहिलं. "औताडे, हे तुमच्याच विरुद्ध जातंय."

"न्हाई साहेब. कुनाच्याच इरुद्ध न्हाई," भाऊसाहेब म्हणाले आणि सही केली. कागद रजिस्टर पोस्टानं मुंबईला गेले. मच्छिंद्राचं उत्तर आलं, त्यात दोनच ओळी होत्या. आभार मानताना पोराचं अक्षर पहिल्यांदा वाकडं झालं होतं.

निकाल यायला दहा महिने लागले. पुढच्या हंगामाच्या तोंडावर, ऑफिसात नोंदीसाठी आलेल्या शेतकऱ्यांची गर्दी असताना, मच्छिंद्रानं पाठवलेली निकालाची प्रत आली. इंग्रजीत होती. भाऊसाहेबांनी ती गोरक्षाकडे दिली. "वाचून मराठीत सांग."

गर्दीत बन्सी साळवे होते, सहादेव होता, आणखी सात-आठ जण होते. गोरक्ष वाचत गेला. हरकत घेणाऱ्यांनी अर्जदाराच्या पत्राचा आधार घेतला आहे, पण ते शिष्टाचाराचं पत्र आहे असं पेटंट कचेरीतल्या साहेबांनी ठरवलं होतं. गोष्ट कळल्यानंतर ती सोपी वाटते, एवढ्यावरून ती आधी उघड होती असं धरता येत नाही, असंही लिहिलं होतं. मग गोरक्ष पुढच्या परिच्छेदावर आला आणि घुटमळला. त्यानं एकदा भाऊसाहेबांकडे पाहिलं, मग म्हणाला, "पुढं साक्षीपुराव्याचं आहे थोडं... आणि मग शेवटी हरकत फेटाळली."

"मधलं राहिलं," भाऊसाहेब म्हणाले.

"ते काही विशेष नाही, भाऊसाहेब."

"माजं नाव हाय का त्यात?"

"आहे."

"मंग वाच. लिहिलंय तसं वाच."

गोरक्षानं घसा साफ केला. खाली मान घालून, एकेक शब्द मराठीत आणत तो वाचू लागला. "या कामात सतरा वर्षं मुरलेल्या, आणि प्रामाणिकपणाबद्दल शंका घ्यायला जागा नसलेल्या रंभाजी औताडे यांच्यापुढे हाच प्रश्न आला असता, त्यांना... त्यांना हा मार्ग दिसला नाही."

बन्सी साळव्यांनी टोपी काढून पुन्हा डोक्यावर ठेवली. मग ते टेबलाजवळ आले, आपल्या नोंदीचा कागद भाऊसाहेबांपुढे ठेवला आणि म्हणाले, "यंदा एकच एकर हाय. खोडवाच हाय."

भाऊसाहेबांनी रजिस्टर उघडलं आणि नंबर टाकायच्या आधी विचारलं, "हिरीला पानी किती हाय, बन्सीराव? मुरमाडातलंच रान ना ते?"